तळ्याचा दिवस

बटाटे करपवायचे होते, आणि ते काम शेवंतामावशी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

"कोळसा नाही करायचा गो," मदतीला आलेल्या पोरींना ती दर वर्षी बजावायची. "साल काळी, आत पिठूळ आणि खाताना धुराचा वास. करपवायलाही अक्कल लागते."

अँटवर्पच्या जुन्या बंदरामागच्या गल्लीत मावशीची 'ओसरी' होती. परक्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका सुट्टीच्या दिवशी तिथे पाय पसरून बसत. मालकाने पासपोर्ट दडवून ठेवलेल्या, मार खाऊन पळालेल्या बायका तिथेच लपत. मावशी स्वतः वेंगुर्ल्याकडून एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला म्हणून आली होती. शाळा चौथीपर्यंत. पण तिच्या तोंडाला पोलीस वचकून असत, आणि नगरपालिकेचे साहेब तिला भेटायला येताना आधी आरशात बघून येत.

आज तळ्याचा दिवस. दर वर्षी या संध्याकाळी मावशीसकट सात देशांतली सात माणसं आपापल्या चुलीवर बटाटे करपवत. पोर्तुगालमध्ये बेघरांना जेवू घालणारा दुआर्त, एस्टोनियाच्या एका बेटावर टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी हेल्वी, आणि अशीच बाकीची. सगळी लहानलहान संस्था डोक्यावर घेऊन चाललेली. फार वर्षांपूर्वी ही सातही जणं एका तळ्याकाठच्या जुन्या पवनचक्कीत आठवडाभर राहिली होती. होडी चिखलात रुतली, सगळ्यांनी दोर लावून ती ओढली, तोवर चुलीवरचे बटाटे करपले, आणि चिखलाने माखलेल्या हातांनी तेच त्यांनी हसत हसत खाल्ले. दुआर्तच्या घोरण्याने पत्रे वाजत होते. एका घोंगडीसाठी हेल्वी आणि मावशी कडाकडा भांडल्या, आणि शेवटी त्याच घोंगडीत दोघी पाठीला पाठ लावून झोपल्या. ते दिवस आठवले की मावशीसारखी बाई सुद्धा घटकाभर गप्प बसायची.

तो आठवडा कधी झालाच नव्हता. आणि हे सातही जणांना ठाऊक होतं.

यात वेडेपणा काही नाही. संस्थेचा प्रमुख म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचं रडगाणं तिच्या पदरात. तिने रडावं कुणाकडे? त्यातून काम असं की पळालेली बाई सीमेपलीकडे पाठवायची, तर पलीकडच्या माणसावर डोळे मिटून भरवसा हवा. तसा भरवसा जमायला एकत्र हसावं लागतं, भांडावं लागतं, एका ताटात जेवावं लागतं. त्याला वर्षं जातात, आणि तोवर ही माणसं थकून काम सोडून देत. अशा एकट्या पडलेल्या माणसांना देशोदेशीच्या सीमा ओलांडून जोडायला 'सोबती' नावाचं मंडळ निघालं. मंडळाने परिषदा भरवल्या, भाषणं झाली, कॉफी प्यायली गेली, आणि सगळे आपापल्या घरी परके ते परकेच परतले. शेवटी मंडळ शास्त्रज्ञांकडे गेलं, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना एक भूतकाळ करून दिला. त्याला म्हणतात सहस्मृती. न घडलेली, पण सगळ्यांना सारखीच आठवणारी गोष्ट.

तो भूतकाळ करून देणाऱ्यांतली एक, डॉक्टर वैदेही रिसबूड, आज न सांगता दारात उभी होती.

"ये. वाळलीस गो. त्या प्रयोगशाळेत पगार देतात की नुसता वाराच घालतात?"

"मावशी, थोडं बोलायचंय. बसून."

"बसून बोलायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय. बोल."

वैदेही रत्नागिरीची. मावशीशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून एरवी ती आनंदाने यायची. आज तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"मावशी, मी तेव्हा समजावलं होतं ते आठवतं? आठवण म्हणजे पेटीतला फोटो नव्हे."

"शाडूची माती म्हणाली होतीस. बाहेर काढली की ओली होते, मग पुन्हा वाळते."

"बरोबर. प्रत्येक वेळी आपण काही आठवतो, तेव्हा मेंदूतला तो ठसा काही तास मऊ पडतो आणि मग पुन्हा घट्ट होतो. तुम्हा सातांना आम्ही एकेक आठवण काढायला सांगितली. ती मऊ असताना यंत्राने सगळ्यांचे मेंदू एका तालावर आणले, आणि त्या मातीतून तळ्याचा आठवडा घडवला. हवेतून आठवण करता येत नाही. तिला खरा माल लागतो."

"ते सगळं सांगितलं होतंत. आता काय?"

"आम्हाला वाटलं होतं, दिव्याने दिवा लावतोय. पहिला दिवा तसाच राहील." वैदेहीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तसं झालेलं नाही. माती तेवढीच होती. तळ्यासाठी घेतली ती तुमच्याकडून गेली. आणि मळताना इकडची तिकडे झाली. कुणाचा ठसा कुणाच्या डोक्यात बसला ते आम्हाला दिसत नाही. तुम्ही काय दिलं होतंत, मावशी?"

"आई दिली होती. सुंभ वळतानाची."

"मी म्हटलं होतं, एखादी साधीशी आठवण द्या. सहलीची वगैरे."

"पाहुण्याच्या पानात माशाचा शेपटीकडचा तुकडा वाढायची आमच्यात रीत नाही. सात देशांची माणसं बसलेली, आणि मी उरलंसुरलं काढू? बाकीच्यांनी काय दिलं?"

"दुआर्तनी शाळेच्या सहलीतली न्याहारी दिली होती."

"चिकट मेला! आणि हेल्वीने?"

"त्यांच्याकडे फारसं नव्हतं. अनाथाश्रमातली एक खिडकी दिली त्यांनी." वैदेही थोडी पुढे सरकली. "मावशी, मला ते सुंभाचं सांगा ना."

"त्यात काय सांगायचं? किनाऱ्यावर माडाखाली चाक असायचं. मी चाक फिरवायची. आई पोटाशी काथ्याचा भारा बांधून दोरीला काथ्या लावत लावत मागे मागे जायची. उलट्या पावलांनी. तोंड माझ्याकडे. दोरी लांबत जायची आणि आई..."

मावशी थांबली. शब्द सगळे जागच्या जागी होते, शाळेत पाठ केलेल्या धड्यासारखे. चाक होतं, काथ्या होता, वाळू होती. पण काथ्या लावणाऱ्या बाईला तोंड नव्हतं. आवाज नव्हता. गेली काही वर्षं आई नीट आठवत नाही हे तिला जाणवलं होतं. म्हातारपण, असं म्हणून ती विषय मिटवायची. भिंतीवर लावायला आईचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

"चोरट्यांनो," ती हळूच म्हणाली.

मावशी ओरडली असती तर वैदेहीला सोपं गेलं असतं. तिने मान खाली घातली. "ती परत देता येते. त्याला आम्ही उलगड म्हणतो. तळं पुन्हा मऊ करायचं आणि ज्याचा माल त्याला परत. पण हे एवढंच वर्ष. पुढे ठसे इतके घट्ट होतील की कुणालाच हात लावता यायचा नाही. बाकी सहा जणांना, दिलेलं परत हवं का, एवढंच विचारलं, त्यांना नको आहे. पण तुम्ही मागितलंत तर..."

"तर सगळ्यांचं सुटणार. सुंभ वळलाय मी, मला नको शिकवू. एक पेड ओढून काढला की राहतो तो नुसता काथ्या."

"हो. तळं सातांच्याही डोक्यातून जाईल. नावं, पत्ते, कामं लक्षात राहतील. पण हेल्वी म्हणजे पडद्यावरची एक ओळखीची बाई, एवढंच उरेल. परवा तुम्ही त्या नेपाळी मुलीला त्यांच्याकडे पाठवलंत. एका शब्दावर त्या बोटीपाशी जाऊन थांबल्या. तसं पुन्हा होईल की नाही, मला सांगता येत नाही."

मावशीने चुलीवरचा बटाटा चिमट्याने उलटा केला. धूर डोळ्यांत गेला तरी तिने पदर लावला नाही.

"गेलं मंडळ उडत," ती म्हणाली. "मुलींसाठी मी पुन्हा दारोदार फिरेन, पुन्हा ओळखी काढीन, पायात बळ आहे अजून. मला माझी आई पाहिजे. तुमचं यंत्र घेऊन या उद्या."

तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. तळ्याच्या दिवशी पहिली हाक नेहमी हेल्वीची असायची. वैदेही पडद्यासमोरून बाजूला सरकून कोपऱ्यात बसली.

"मावशी!" या शब्दाखेरीज हेल्वीला मराठी येत नसे, पुढचं सारं दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "तुझे करपले की माझे आधी?"

"तुझे काय करपणार? तुझ्या बेटावर निखारासुद्धा थंडीने कुडकुडत असेल."

"आणि तू माझी घोंगडी ओढलीस ते मी अजून विसरले नाहीये!"

"माझी घोंगडी!" मावशीच्या तोंडून सवयीने गेलं, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. उद्यापासून हे भांडणही संपणार.

हेल्वी खिदळत उठली. म्हाताऱ्यांसाठी विणायची लोकर ती कशी वळते ते दाखवायचं होतं तिला. दाराच्या खिळ्याला तिने लोकरीचं टोक अडकवलं, लोकरीचा भारा पोटाशी धरला आणि बोटांनी पीळ देत देत ती खोलीत मागे मागे जाऊ लागली. उलट्या पावलांनी. तोंड मावशीकडे. मागे खुर्ची होती, टेबल होतं; तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

मावशीच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

हेल्वी लाजली. साठीची बाई, पण लहान मुलीसारखी लाजली. "तुला कधी सांगितलं नाही. हसशील म्हणून. मला माझी आई आठवली, मावशी."

"तुला? तुला तर..."

"हो, दोन वर्षांची असताना आश्रमाच्या पायरीवर ठेवली होती मला. आयुष्यभर काहीसुद्धा आठवलं नाही. मग तळ्यानंतर, तुम्ही सगळे भेटल्यावर, हळूहळू वर आलं. डॉक्टर म्हणाले होते ना, मन मोकळं झालं की जुनं काही सापडू शकतं. समुद्र आहे. मी काहीतरी फिरवतेय, चाकासारखं. आणि ती माझ्याकडे बघत मागे मागे जाते. पण ती मला सोडून जात नाहीये, मावशी! आमच्यामध्ये दोरी आहे ना. जितकी लांब जाते तितकी दोरी वाढते. मला टाकून देणारी बाई अशी माझ्याकडे बघत जाईल का? त्या दिवसापासून मी तिच्यावरचा राग सोडला."

कोपऱ्यातल्या वैदेहीने तोंडावर हात धरला.

"दिसायला कशी आहे?" मावशीने विचारलं.

"गोरी. डोक्याला रुमाल. डोळे राखाडी, माझ्यासारखेच."

मावशीने कोपऱ्याकडे पाहिलं. वैदेहीने डोळे मिटले. ज्या मेंदूत आठवण जाते तो तिला आपले कपडे चढवतो, हे मावशीला कुणी सांगायची आता गरज नव्हती.

"काहीतरी म्हणतेसुद्धा ती," हेल्वी म्हणाली. "आमच्या बेटावरची जुनी बोली असेल. इथे कुणालाच कळत नाही." आणि एकेक अक्षर जपून, काचेचं भांडं उचलावं तसं उचलत, तिने म्हटलं, "चाक थांबव नको गो. मी आसय."

चुलीवरचा एक बटाटा तडकला.

गावची बोली मावशीच्या कानांवर पडली त्याला युगं लोटली होती. चाक थांबवू नकोस, मी आहे: शब्द न् शब्द तिला कळला. घरचाच होता. तिने वाट पाहिली. आता छातीत काहीतरी हलेल, एखादा चेहरा वर येईल, डोळे भरतील. काही झालं नाही. कुणा परक्या पोरीला तिची आई धीर देत होती, आणि मावशी शेजारणीसारखी ऐकत होती.

हेल्वीला दिसणार नाही असा तिने वैदेहीकडे हात केला, आणि नकारार्थी हलवला. उद्याचं यंत्र नको. वैदेहीला वाटलं आपण चुकीचं पाहिलं. मावशीने पुन्हा हलवला, या वेळी ठसक्यात, माशी हाकलावी तसा.

"मावशी, रडतेयस का?"

"धूर गं. करपवायचेत ना मेले." मावशीने कोरडे डोळे पदराने पुसले, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि बटाट्याची काळी साल काढायला घेतली. "घाई नाहीये मला. तू सांग, पुढे काय करते ती?"

हेल्वी सांगू लागली. वाऱ्याने रुमाल सुटतो तेव्हा आई तो दातांत कसा धरते, दोरी ढिली पडली की भुवई कशी उचलते, हसली की पुढच्या दाताची फट कशी दिसते. मावशी एकेका गोष्टीला हुंकार देत होती आणि मन लावून ऐकत होती, पुन्हा विचारायला लागू नये म्हणून.

"चांगली होती गो," शेवटी ती म्हणाली, "तुझी आई."