दारावरची तालीम

कॅप्टनला या वर्गातून काय मिळवायचं होतं, ते त्याने लपवलं नव्हतं. पास झाला की जवानांच्या कंपनीची कमांड, बायकोला बागेचं घर आणि सासऱ्यांचं तोंड कायमचं बंद. गमवायचं काहीच नव्हतं. आमच्याकडे मरणारे जवान खोटे असतात.

तुकडीतला माणूस दगावला तर त्याच्या घरी कसं सांगायचं, हे मी अधिकाऱ्यांना शिकवतो. वर्गामागे त्यासाठी बैठकीची खोली मांडली आहे: सोफा, घड्याळ, एकच दार, दाराला बेल. आईचं काम नाटकातली एक बाई करते. रडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. "गेला" म्हणायचं नाही, "मृत्यू झाला" म्हणायचं, हा पहिला नियम.

कॅप्टनने बेल वाजवली. मी काचेआडून बघत होतो. दार उघडलं करड्या स्वेटरमधल्या अनोळखी बाईने. हातात ओलं फडकं. बदली आली असेल, म्हटलं.

"आई, तुमच्या मुलाचा गाडीच्या अपघातात मृत्यू झाला."

"गाडी कसली, साहेब? तो नदीत बुडाला. पोहता येत नाही हो त्याला. उतरवलंत कशाला?"

कॅप्टन डगमगला नाही. बाहेर येऊन हसला. "सर, तुमच्या बाईंचं पाठांतर कच्चं आहे."

तेवढ्यात नाटकवाली धापा टाकत आली. "बस चुकली हो! सुरू नाही ना केलंत?"

आत कुणीच नव्हतं. सोफ्यावर फडकं होतं.

मला राहवेना. "तुझ्या लोकांत पोहता न येणारे किती आहेत?"

"निम्मे असतील."

"त्यांना पाण्यापासून लांब ठेव."

"आणि वरच्यांना काय सांगू, सर? सोफा म्हणाला?"

कॅप्टनला कमांड मिळाली. नदी ओलांडायच्या सरावात एक जवान बुडाला. त्याच्या घरी जाताना कॅप्टनने मला सोबत नेलं. 

बेल वाजली.

करडा स्वेटर.

"आई, तुमच्या मुलाचा मृत्यू झाला."

"मागेच सांगितलंत की."

मग तिने, काचेआडच्या मला कधीच न पाहिलेल्या तिने, माझ्याकडे पाहिलं. "माझं फडकं राहिलं तुमच्याकडे."

चौकशी झाली. सराव नियमाप्रमाणेच होता. कमांड कॅप्टनकडे राहिली, बाग बायकोकडे, सासरे गप्प. किंमत भरली ती एकट्या तिने.

फडकं माझ्या कपाटात खुंटीला आहे. अजून वाळलेलं नाही.