न चिकटवलेली पाकिटं

उल्काचा फोन सकाळी सातला आला.

"काका, माझ्या पत्राचा तो फोटो मिळाला. काल नणंदेने पाठवला. तुम्ही बघाच."

श्रीनिवासांनी फोटो उघडला. उल्काचं अक्षर. 'तुझ्या आईंबरोबर पुण्यात राहायला मला जमणार नाही. हे तोंडावर सांगायची भीती वाटते.'

त्यांची बायको वसुधा इथे परदेशात, टॅम्पिनीस या उपनगरात मराठी जोडप्यांसाठी सहजीवनाचा वर्ग घ्यायची. चार शनिवार. तिसऱ्या शनिवारी जोडीदाराला जे बोलता येत नाही ते लिहायचं आणि चौथ्या शनिवारी स्वतःच वाचून दाखवायचं. पाकिटं चिकटवायची नाहीत, हा तिचा नियम. विश्वास शिकायला आलात ना, म्हणायची.

मधल्या आठवड्यात उल्काच्या पत्राचा फोटो अनोळखी नंबरवरून तिच्या सासूकडे पोचला. पाकिटं श्रीनिवासांच्या सेम्बावांगच्या घरी वसुधाच्या कपाटात होती, म्हणून सगळ्यांनी तिलाच दोषी धरलं. उल्काचा नवरा हरीश याने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, 'वसुधाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' वर्ग बंद पडला. हरीश आणि उल्का वेगळे झाले. तीन महिन्यांनी वसुधा हृदयविकाराने गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "अहो, मी कपाटाला कुलूप लावलं होतं ना?"

श्रीनिवासांना कुणाला माफ करायचं नव्हतं. ज्याने हे केलं त्याने तिचं नाव घेऊन सगळ्यांसमोर कबूल करावं, एवढंच हवं होतं.

त्यांनी फोटो मोठा केला. पत्राखाली टेबलावर कोरलेला बुद्धिबळाचा पट दिसत होता. टेबलाचा एक कोपरा तुटलेला, पिवळ्या सिमेंटने भरलेला.

तासाभरात ते टॅम्पिनीसला पोचले. वर्गाच्या हॉलखाली, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर ते दगडी टेबल होतं. तोच कोपरा.

वर्गात वसुधाला मदत करणारा शैलेंद्र चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत होता. श्रीनिवासांनी त्याला गाठलं. त्याने सांगितलं, पत्रं जेवणाआधी लिहून झाली. जेवताना पाकिटांची बॅग बाजूच्या खोलीत होती. नंतर ती वसुधाताईंनी हातातून सोडली नाही. तो स्वतः पुरी-भाजी वाढत होता. कोण नव्हतं ते आठवत नाही, हजेरीची सही सकाळीच दिवसभराची व्हायची. वसुधाताईंनी एक डबा वेगळा आणला होता, तो तसाच परत गेला.

श्रीनिवास घरी आले. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तो शनिवार शोधला. मग उल्काला फोन करून एकच प्रश्न विचारला.

रविवारी दुपारी त्यांनी हरीशला त्या टेबलापाशी बोलावलं. उल्का आणि शैलेंद्र आधीच बसले होते.

"तिसऱ्या शनिवारी जेवताना कुठे होतास?"

"हॉलमध्ये. सगळ्यांबरोबर."

"काय जेवलास?"

"पुरी-भाजी. शैलेंद्रनेच वाढली. का?"

उल्का म्हणाली, "ताप असतानाही तू संकष्टी मोडली नाहीस, हरीश."

श्रीनिवासांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून ठेवला. झाकणावरच्या चिकटपट्टीवर वसुधाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हरीश, उपास'.

"त्या दिवशी संकष्टी होती. वसुधाने पहाटे उठून तुझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. तू ती खाल्ली नाहीस, कारण तू वर नव्हतासच. सगळे जेवत असताना पाकिटातून पत्र काढलंस, इथे फोटो घेतलास आणि पत्र परत ठेवलंस. तुला उल्का नको होती, पण संसार मोडल्याचा ठपका तिच्यावर हवा होता. म्हणून दुसऱ्या नंबरवरून आईला पाठवलंस. माझ्या बायकोवर संशय गेला, तेव्हा तूही दगड मारलास. ती खिचडी रात्री आम्ही दोघांनी खाल्ली. हरीश उपाशी राहिला असेल, म्हणत होती."

हरीश म्हणाला, "काका, ताईंचं असं होईल असं वाटलं नव्हतं."

"ग्रुपवर लिही. तुझ्या त्या मेसेजच्या खाली."

"आईला कळेल. तिला सोसणार नाही."

"वसुधालाही सोसलं नाही. लिही."

हरीशने लिहिलं. श्रीनिवासांनी वाचून फोन परत दिला. वसुधाचं नाव नव्हतं. ते घालायला लावलं. मेसेज गेला. एकेक जण वाचू लागला.

हरीश उठला. श्रीनिवासांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"आता आईला फोन लाव," ते म्हणाले. "स्पीकरवर."