गार ठेवलेला भोंगा

"माझा भाऊ कामावर पिऊन पडला आणि मेला, असं कारखान्यातले सांगतायत," बहीण म्हणाली. "दारूच्या वासानंसुद्धा त्याला मळमळायचं हो. कपडे परत दिले, पण गळ्यातला टॉवेल तेवढा दिला नाही."

गुप्तहेर उठलाच. त्याचा मेहुणा आधी हळहळला, मग उठला. हळहळणं हे त्याचं खातं. डोकं चालवायचं खातं दाजींकडे.

बहीण दोघांना कारखान्यात घेऊन गेली. काचेच्या बाटल्यांच्या भट्टीजवळ घामानं मेहुण्याच्या शर्टाचं पोतेरं झालं. मॅनेजर पंख्याखालून हलला नाही.

"झोकांड्या खात होता, बरळत होता. दारू नाही तर काय? गरमी हद्दीबाहेर गेली असती तर धोक्याचा भोंगा वाजला असता. उन्हाळाभर वाजला नाही."

"बिघडला असेल," मेहुणा म्हणाला.

"माझं यंत्र ठणठणीत आहे," वायरमन फणकारला.

गुप्तहेर भिंतीवरचा, भोंग्याला जोडलेला तापमापक बघत होता. त्याखाली पाणी ओघळल्याचे पांढरे डाग होते.

"इथं गळतं का?"

"छत कोरडं आहे," वायरमन म्हणाला.

तेवढ्यात भोंगा कोकलला. भोंगा वाजला की सगळे बाहेर, नियम म्हणजे नियम. मॅनेजरने सगळ्यांना अंगणात, रणरणत्या उन्हात रांगेत उभं केलं. पाहुण्यांनाही.

"दाजी, आत बरं होतं," मेहुणा कण्हला.

"तेच तर उत्तर आहे." गुप्तहेर रांगेतल्या, मृताच्या भट्टीवरच्या जोडीदाराकडे वळला. "भोंगा वाजला की आगीतून फुफाट्यात. म्हणून तुम्ही तापमापकालाच ओला टॉवेल गुंडाळायचात. डाग त्याचेच. तो गेल्यावर हिंमत झाली नाही, म्हणून आज वाजला. आणि उष्माघातानंही माणूस झोकांड्या खातो, बरळतो."

जोडीदाराची मान खाली गेली. "टॉवेलची पाळी लावली होती, ताई. त्या दिवशी त्याची होती. त्याचा टॉवेल तिकडे, मान कोरडी. मी म्हटलं, माझा घे. म्हणाला, राहू दे."

"म्हणजे यंत्राशी छेडछाड," मॅनेजरचा चेहरा खुलला. "मग अपघाताच्या फॉर्मात दारूचं खोडतो, हे लिहितो."

या वेळी मेहुण्याच्या आधी दाजीच हळहळले.

"लिहा," बहीण म्हणाली. "ते खरं तरी आहे. पण का केलं, तेही लिहा."

मॅनेजरने कपाळाचा घाम पुसला.

"तेवढी जागा नसते हो त्यात."