तिसरी चूल

हे खरं घडलंय. थट्टा वाटत असेल, तर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात जा आणि ओफेलिया रेंतेरियाचं घर विचारा. गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. सकाळचे दहा. लख्ख ऊन होतं हो, अंधार वगैरे काही नाही!

ओफेलियाच्या नवऱ्याला, फेर्मिनला, अर्धांगवायूचा झटका आला होता. कामधंदा बंद. तिने मागच्या गॅरेजची खोली केली, भाड्याने द्यायला. भाडं सुरू झालं नाही तर घर विकावं लागणार होतं.

पण पालिकेचा नियम कडक. त्या गल्लीत एका आवारात घरं दोनच. पुढे मालक, मागे एक भाडेकरू. आणि घरं मोजायची चुलीवरून. जिथे चूल, ते वेगळं घर.

त्या मंगळवारी पालिकेचे तपासनीस ग्रिग्स साहेब खोली बघायला आले आणि मागे गेले. पाच मिनिटांत परत आले.

"मॅडम, मागे दोन घरं आहेत. परवानगी मिळणार नाही."

"दोन? अहो साहेब, एक खोली, एक चूल!"

"आणि भिंतीपलीकडची? आजी मक्याच्या भाकऱ्या थापतायत की. मलाही बसा म्हणाल्या."

ओफेलिया धावत मागे गेली.

भिंतीपलीकडे फक्त शेजाऱ्याचं लिंबाचं झाड होतं.

पण तो आवाज... तिनेही ऐकला होता. खोलीचं काम काढलं तेव्हापासून.

थप... थप... थप...

"दहा दिवस देतो. तिसरं घर रिकामं करा," म्हणून साहेब निघून गेले.

रिकामं करा म्हणे! काढायचं कोणाला?

तिने भिंत फोडून घेतली... पलीकडे झाडच. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. भिंत पुन्हा बांधून घेतली आणि थापणं पुन्हा सुरू.

नवव्या दिवशी ती भिंतीपुढे बसून ओक्साबोक्शी रडली.

"आजी, पाया पडते, इथून हला! माझा माणूस आजारी आहे, त्याला घेऊन कुठे जाऊ? हवं तर पुढे या. आपलंच घर समजा!"

जिभेची सवय हो. तिच्या लोकांत आल्यागेल्याला असंच म्हणायची रीत आहे.

थापणं थांबलं...

दहाव्या दिवशी ती औषधं घेऊन परतली, तर ग्रिग्स साहेब पुढच्या दारातून बाहेर पडत होते. हातात गरम भाकरी.

"झालं काम! पुढे मालकीण, मागे एकच कुटुंब. सगळं नियमात."

"साहेब, मालकीण मी आहे."

"असं कसं? आजींनी सही केली ना! तुम्ही मागच्या भाडेकरू. तुमचे मिस्टर तिकडेच आहेत."

ती धावत सुटली.

फेर्मिनची चाकाची खुर्ची मागच्या खोलीत होती... तीन पायऱ्या उतरून. त्याला उतरवायला दोन माणसं लागतात.

"तुला इथे कोणी आणलं रे?"

"आजी म्हणाल्या..." त्याची जीभ अडखळली. "...आता इथेच राहायचं. आवाज करायचा नाही."

आणि पुढच्या घरातून...

थप... थप...

दोघं आजही मागच्या खोलीत राहतात. पुढच्या दाराची किल्ली ओफेलियाच्या गळ्यात आहे. लावून बघायची तिची हिंमत होत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कोणीतरी त्यांचं दार वाजवतं... आणि भाडं मागतं.