येते म्हणाल्या होत्या

ऋजुता नाशिकहून बार्शीला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधीच तिनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मैना, अप्पांच्या छातीतलं यंत्र काय म्हणतंय?"

फडताळातल्या मिठाच्या बरणीशेजारची राखाडी डबी बोलली, "ते सारखं काहीतरी बोलतं, ऋजुता. पण मला त्याची भाषा कळत नाही. ताईंनी शिकवलेली नाही."

"ऐकलंत, अप्पा?"

"ऐकलं." तिचे वडील दिगंबर ढवण मेथी निवडत बसले होते. "तू आधी पाणी पी."

मैना म्हणजे त्यांच्या घराचा संगणक. दिवे, दारं, पंखे, गिझर सगळं तिच्या हाती. तसे संगणक आता गावोगावच्या घरांत होते. पण मैनेच्या पिढीचे कोरे यायचे. त्यांची संचालन प्रणाली, म्हणजे यंत्राला चालवणारी मूळ बुद्धी, त्या घरातल्या माणसांच्या तोंडूनच भाषा शिकायची. तान्हं मूल शिकतं तशी. अप्पांच्या पत्नी शैलजाबाई अंगणवाडी चालवायच्या. वर्गात चोवीस पोरं, घरी हे पंचविसावं. कणीक मळताना त्यांनी तिला शिकवलं, धुणं वाळत घालताना शिकवलं, गाऊन शिकवलं, रागावून शिकवलं. पोरं त्यांना ताई म्हणत, म्हणून मैनाही ताईच म्हणायची.

मैनेची ती आवृत्ती कंपनीनं आता मोडीत काढली होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी अप्पांच्या छातीत, कातडीखाली, ठोके सांभाळणारं सुपारीएवढं यंत्र बसवलं, ते फक्त नव्या आवृत्तीशी बोलायचं. आणि मागच्या मंगळवारी संध्याकाळी अप्पा न्हाणीघरापाशी चक्कर येऊन पडले. यंत्र हाका मारत राहिलं. घराला त्या कळल्या नाहीत. दीड तास ते गार फरशीवर होते. दूध घालायला आलेल्या मंगलबाईंनी खिडकीतून पाहिलं, म्हणून निभावलं.

"पुढच्या वेळी मंगलबाई गावाला गेलेल्या असल्या तर?"

"तर तुझी एकच खेप होईल. सारखं सारखं यायला नको."

"अप्पा, असले विनोद नका हो करू."

ती समोर बसली, त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी आपल्याकडे ओढून निवडायला लागली. "मैनेत साठवलेला आईचा आवाज जाईल म्हणून अडून बसलात ना? त्याच्या तीन प्रती आहेत माझ्याकडे. गाणीसुद्धा."

"आवाजाचं नाही गं."

"मग मैना जे शिकलीय ते? ते नव्यात नेता येत नाही, मी विचारलं. ते कुठं वेगळं लिहून ठेवलेलं नसतं, अप्पा. आमटीत विरघळलेलं मीठ परत काढून द्या म्हटलं तर कोण देणार?"

"मला कळतं ते. तीस वर्षं पंपघरावर काढलीत. जुनी मोटर उतरवली की तिची घरघर काय नव्या मोटरीत येत नाही." अप्पांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "बघू सावकाश."

"सावकाश कसलं? मी आज नवी आवृत्ती घातल्याशिवाय हलत नाही."

बोलता बोलता दिवेलागण झाली. अंगणातला दिवा आपणहून लागला. न्हाणीघरात गिझर सुरू झाला, पाणी सळसळायला लागलं. अप्पांची अंघोळ तर सकाळीच होते. मग हे कुणासाठी, ते ऋजुताला कळेना.

"अप्पा," मैना म्हणाली, "ताईंना अजून उशीर आहे का?"

ऋजुताच्या हातातली काडी हातातच राहिली.

"हो," अप्पा म्हणाले. "जरा उशीर आहे."

"बरं. पाय धुवायला पाणी गरम ठेवते."

ऋजुतानं बापाकडे पाहिलं. बाप मेथीकडे बघत होता.

"हे... रोज?"

"रोज."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनसाठी सोलापूरला निघताना शैलजाबाई उंबऱ्यात वळून म्हणाल्या होत्या, "येते गं, मैना." निघताना जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं, हे मैनेला त्यांनीच शिकवलं होतं. आणि येते म्हणून गेलेलं माणूस आलंच होतं. बाजारातून आलं, माहेरून आलं, लग्नाकार्यातून आलं. मैनेला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

"तेराव्यानंतर मी सांगितलं की तिला. म्हटलं, मैना, ताई गेली. तर म्हणते, कुठं गेल्या? येते म्हणाल्या होत्या."

"मग स्पष्ट सांगायचं ना, की आई..." ऋजुता थांबली.

"हां. म्हण. पुढचा शब्द म्हण."

तिला म्हणवेना.

"तो शब्द तिला येतो," अप्पा म्हणाले. "पण कशावरून येतो? झुरळ मेलं. पाल मेली. रिमोटची बॅटरी मेली. त्या ओळीत तुझ्या आईला बसवू मी?"

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत लांब गेली. या अख्ख्या जगात आईची वाट बघणारं एकच कुणी उरलं होतं, आणि ते पुसून टाकायला ऋजुता नाशिकहून आली होती.

"राहू दे, अप्पा," ती म्हणाली. "मीच येऊन राहते इथं."

"आणि तुझी पोरगी? नोकरी?"

"बघू काहीतरी."

"नको." अप्पांनी हात झटकले. "मंगळवारी मी फरशीवर पडलो होतो ना, तेव्हा ही विचारत होती. ताईंना उशीर आहे का? मला बोलताच येईना. तिनं तीनदा विचारलं. मग म्हणाली, झोपलात वाटतं. तेव्हा मनात आलं, मी असाच गेलो, तर ही बया बंद घरात दोघांसाठी पाणी तापवत बसेल. उशीर आहे असं सांगायलाही कुणी नसेल." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "घाल तुझी नवी आवृत्ती. पण वाट बघणारीला न सांगता बंद करायचं नाही."

ते फडताळापुढं उभे राहिले. पंपघराचा साहेब तपासणीला आल्यावर राहायचे तसे, ताठ.

"मैना."

"बोला, अप्पा."

"ताई मेली."

मैनेनं विचारलं, "झुरळ मरतं तशा?"

"अगं बाई!" ऋजुतानं तोंडावर हात दाबला.

"तशीच," अप्पा म्हणाले. "सगळी तशीच मरतात, मैना."

"म्हणजे त्या येणार नाहीत."

"नाही."

न्हाणीघरातली सळसळ थांबली.

"कधी मेल्या?"

"दोन वर्षं झाली. आषाढात."

दोन वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी मैनेच्या पोटात होत्या, आणि प्रत्येक संध्याकाळी अप्पांचं तेच उत्तर. आता ती विचारणार, खोटं का बोललात? ऋजुतानं डोळे मिटून घेतले. पण शैलजाबाईंनी मैनेला खोटं बोलायला कधी शिकवलंच नव्हतं. खोटं म्हणून काही असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

"आणि तुम्हाला, अप्पा?" मैनेनं हळूच विचारलं. "तुम्हाला कधी कळलं?"