डोंगराला ठिगळ

झऱ्याच्या डोक्यावरचा उतार वणव्याने उघडा पडला होता. पावसाआधी तिथे रोपं लावायची, एवढ्यासाठी ते तिघं उजाडताच निघाले. माती वाहून झरा बुजला, तर खालच्या वस्तीने पाणी आणायचं कुठून!

पुढे पहार घेतलेला गवंडी, मधे त्याची वहिनी, शिंपीण, आणि मागे निवृत्त पोस्टमन, ज्यांना सगळे टपालकाका म्हणत. रोपं शिंपिणीची होती. रान हिरवं असताना वेचलेल्या बिया तिने आपल्या गच्चीवर रुजवल्या होत्या. उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या, कुणाला फुलाफुलांची, कुणाला पट्ट्यापट्ट्यांची. उन्हाळाभर तान्ह्या लेकरासारखी जपलेली ती रोपं आता गवंड्याच्या पाठीवरच्या टोपलीत डुलत होती.

"वहिनी, रोपांना झबली झाली. टोपडी तेवढी राहिली!"

"कापड उरलं तर तुम्हालाच शिवते, भावजी. तुमचं डोकं तसं रिकामंच असतं."

टपालकाका हसता हसता धापा टाकू लागले. "जन्मभर पत्ते शोधले. पण पत्ताच जळून गेलेलं टपाल हे पहिलंच!"

दोन्ही बाजूंना झाडांचे काळे सांगाडे उभे होते. पाखरू नाही, पान नाही. पावलागणिक राख उडायची आणि पुन्हा हळूच निजायची. शिंपीण स्वतःशीच गुणगुणू लागली,

काळ्या गं डोंगराला
लावीन हिरवं ठिगळ
झऱ्याच्या गं पाण्यापायी
सोशीन उन्हाची झळ

"थांबा!" गवंडी ओरडला.

समोरच्या गुळगुळीत राखेत त्याने पहार टेकवली आणि ती निम्मीअधिक आत गेली. खालून ऊन वाफ आली. झाड गेलं होतं, पण जमिनीखाली त्याची मुळं अजून धुमसत होती. वर राखेची दुलई, खाली भट्टी! तिथून पुढे पहारीने चाचपल्याशिवाय कुणी पाऊल टाकलं नाही.

उतारावर पोचले तेव्हा शिंपिणीला जरा बरं वाटलं. हा उतार त्यांनी आणि इतर स्वयंसेवकांनीच साफ केला होता. जळकी खोडं, फांद्या, सगळं ओढून पायथ्याशी रचलं होतं. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसा डोंगर झाडला होता! झऱ्याच्या लगेच वर आडवं पडलेलं एक थोराड खोड तेवढं कुणाच्यानेच हललं नव्हतं. "कोळसा उगाळावा तितका काळाच," म्हणत गवंड्याने शेवटी त्याला लाथ हाणली होती.

टोपली दोराने एका खडकाला बांधून त्यांनी खड्डे खणायला घेतले. तेवढ्यात डोंगरामागून ढग चढून आला. पाहता पाहता काळोखी दाटली आणि सर कोसळली.

पाणी मुरेना. राखेवरून तेलासारखं घरंगळू लागलं. मग मातीच सरकली!

"वहिनी!"

गवंड्याच्या पायाखालचा उतार निघाला. तो पालथा पडला. घसरला. हाताला एक मूळ लागलं, तेवढंच! त्याला अडवायला खाली काही नव्हतं. सगळं त्यांनीच उचलून नेलं होतं.

"दोर सोडा!" टपालकाका ओरडले.

दोराच्या टोकाला टोपली होती. शिंपिणीने एकदाच तिच्याकडे पाहिलं. गाठ भिजून आवळली होती. सुईदोऱ्यात मुरलेली बोटं तिच्यात शिरली. गाठ सुटली. टोपली कलंडली आणि फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्या चिखलाबरोबर खाली धावल्या.

"धरा, भावजी!"

दोघांनी ओढलं. पाय रोवले. पुन्हा ओढलं. गवंडी वर आला, आणि तिघं त्या खडकाला बिलगून बसले.

सर ओसरल्यावर ते घसरत खाली उतरले. झरा गेला असणार, हे जो तो मनात जाणून होता.

झरा वाहत होता! ते आडवं खोड छातीचा कोट करून उभं होतं. सारा गाळ त्याच्या पाठीशी अडला होता आणि खालून पाण्याची बारीक धार निवांत निघाली होती. गाळातून चिमूटभर फुलाफुलांचं कापड डोकावत होतं. शिंपिणीने हाताने उकरलं. बरीच रोपं मोडली होती. ओंजळभर मात्र शाबूत होती.

"तेवढी आत्ता लावून टाकू," टपालकाका चाचरत म्हणाले.

तिने वरच्या झाडून लख्ख केलेल्या उताराकडे पाहिलं. त्याच्या अंगावर आता ओरखडेच ओरखडे उमटले होते.

"नको. तिथं काही ठरायचं नाही. आपण साफ केलं नाही काका, उसवलं. आता आधी अस्तर, मग नक्षी."

"म्हणजे ती खोडं परत वर?" गवंड्याने कपाळावर हात मारला. "खाली ओढताना कंबर मोडली होती, वहिनी!"

"मग आता वर ओढून सरळ करा."

तिने रोपं झऱ्याच्या काठी, खडकाच्या सावलीत नीट टेकवली आणि पायथ्याची वाट धरली. टपालकाका मागोमाग निघाले. गवंडी जरा रेंगाळला. जिथे लाथ हाणली होती, तिथेच त्याने त्या खोडावरून हळूच हात फिरवला. हात काळा झाला. त्याने तो पुसला नाही.