मानसिंगची कळ

सरका जरा, कंदील मध्ये ठेवा. वीज काही दहाच्या आत येत नाही. भुताचं ऐकायचंय ना तुम्हाला? मग भ्यायची तयारी राहू द्या, पोटातलं जेवण तेवढं सांभाळा. मी चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली. गळवं फोडली, किडे पडलेल्या जखमा धुतल्या, आणि हात धुऊन भाकरी खाल्ली. किळस आली ती ह्या एकाच गोष्टीची. आणि ती भुताची नव्हे, माणसांची.

इस्लामपुरात आमच्या दवाखान्याशेजारी कोंडीबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. खोटं रचायला लागते ती अक्कल त्याच्यापाशी नव्हती, म्हणून मी त्याचं खरं धरतो. दोन सालांमागची, शहात्तरची नागपंचमी. दुपारी एस.टी.च्या कंडक्टरने त्याला शिराळ्याची चिठ्ठी आणून दिली. 'चौकोनी सेल घेऊन लवकर ये. मानसिंग.' एवढंच. कोंडीबाने सेल खिशात टाकला, दुकानाला कुलूप लावलं आणि गाडी धरली.

हा मानसिंग फौजेतला. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर डावा पाय गेला, अर्ध्या मांडीपासून. पाय गेला, पण दुखणं राहिलं. नसलेल्या पायाची बोटं कुणीतरी पकडीत धरून पिळतंय, असं तो सांगायचा. गाव हसायचं. "पायच न्हाई, तर दुखतंय काय रं?" शेवटी परदेशातून आलेल्या एका डॉक्टराने त्याच्या मणक्यापाशी तार बसवली, आणि छातीच्या कातडीखाली रुपयाच्या नाण्याहून मोठी चकती. तिच्यात सेल नसतो. वरून कातडीला एक कडं चिकटवायचं, कड्याची वायर सिगारेटच्या पाकिटाएवढ्या पेटीला, आणि सेल त्या पेटीत. पेटीची कळ दाबली की पायात मुंग्या येत, आणि त्या मुंग्यांखाली दुखणं दबून जाई. तीन वर्षांनी गडी रात्रभर झोपला. पेटी जवळ नसेल, तर आतली चकती म्हणजे नुसता पत्रा.

एकदा पेटी बिघडली, ती कोंडीबानेच जोडून दिली. तपासताना पेटीची जोर कमी-जास्त करायची चावी जरा जास्त फिरली, आणि मांडीचं थोटूक टणकन उडालं. मानसिंगने दात आवळले. त्याचा थोरला भाऊ आप्पासो शेजारीच उभा होता. तो हसला.

तिथून सुरू झालं. पाहुणे आले की आप्पासो भावाला ओट्यावर बसवायचा, अंगावरची चादर काढायचा आणि चावी पिळायचा. थोटूक उडायचं, माणसं खिदळायची. लहान पोरांच्या हातातसुद्धा चावी द्यायचे. आणि नागपंचमीला शिराळ्यात पाहुण्यांना काय तोटा? नाग बघून झाले की लोक मानसिंगला बघायला येत होते. सख्खा भाऊ होता तो. मला अजून थुंकावंसं वाटतं.

असल्या खेळात दुपारीच सेल उतरत आला, म्हणून ती चिठ्ठी. कोंडीबा पाचला शिराळ्यात उतरला. तडक घर गाठायचं, तर हा मिरवणूक बघत राहिला. ढोल, गुलाल, गाडीवर फणा काढून बसलेले नाग. खिशातला सेल त्याला आठवला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

आप्पासोच्या सोप्यात पंगत बसली होती. पुरणाची दिंडं, वर तुपाची धार.

"मानसिंग कुठं हाय?" कोंडीबाने विचारलं.

"निजलाय माजघरात. लय कालवा केला संध्याकाळी. पाय पिळतोय म्हणं. सारखं आपलं, आप्पा, कळ बंद कर, कळ बंद कर. म्हणलं, बरं बाबा. केली बंद."

"काय बंद केलं?"

"कळ. पेटीची. कडं बी काढून घेतलं. तरी वरडतोय, कळ बंद कर. आता बंद केलेली कळ परत कशी बंद करायची? ही पाव्हणी हसून हसून मेली."

मानसिंग दुखण्याची कळ म्हणत होता, आणि ह्याने पेटीची कळ बंद केली. उतरलेला सेल जेवढा आधार देत होता, तेवढाही काढून घेतला. आप्पासोला खरंच उमगलं नसेल? पाच वर्षं भावाचं दुखणं ऐकणाऱ्याला? मला विचाराल, तर त्याला उमजून घ्यायचंच नव्हतं.

कोंडीबा कंदील घेऊन आत गेला. खाटेवर मानसिंग उताणा पडला होता. घोंगडं गळ्यापर्यंत, आणि त्याचं टोक तोंडात कोंबलेलं. त्याने स्वतःच कोंबलेलं, पंगतीत आवाज जाऊ नये म्हणून. घोंगड्याखाली थोटूक उडत होतं. ठक्... थांबायचं... ठक्.

"मानसिंग, आलो रं. सेल आणलाय."

डोळ्याच्या कोपऱ्यात मुंग्या होत्या. कोंडीबाने गालाला हात लावला. गार. मान वळवायला गेला, ती वळेना.

ठक्...

तो बाहेर आला. "आप्पा, पेटी कुठं हाय?"

आप्पासोने तुपाच्या हाताने खिसा थोपटला. "ही काय. माझ्यापाशी."

"मग आत... काय हलतंय?"

पंगतीत कुणी घास उचलला नाही. उठलंही कुणी नाही.

पेटी ओढून घेऊन कोंडीबा परत आत गेला. एकटाच. आता थोटूक हलत नव्हतं. त्याच्या खाली... जिथे पाय नाही तिथे... घोंगडं वर आलं होतं. आधी गुडघ्याएवढं. मग लांब. खाटेच्या टोकापर्यंत. टोकाला पाच उंचवटे. ते वळत होते. पिळल्यासारखे.

पळावं ना माणसाने? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "सेल द्याया गेलतो. दिला."

सेल बसवला. कडं त्या गार छातीवर चिकटवलं. कळ दाबली.

पाची बोटं थांबली... सैल पडली. मग घोंगडं हळूहळू खाली बसलं.

रात्रभर कोंडीबा तिथेच बसून राहिला, पेटी मांडीवर घेऊन. पहाटे सेल संपला. घोंगडं पुन्हा हललं नाही.

सकाळी आप्पासोने असा काही हंबरडा फोडला, की ऐकणाऱ्याला ओकारी यावी. मानसिंगला अग्नी दिला. एका पायानिशी. शंभर लोकांनी बघितलं.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला गेले. हाडं पायाकडून वेचत वर जायची रीत. राखेत उजवी टाच सापडली, भाजून भुगा झालेली. तिच्या शेजारी... वीतभर अंतरावर... आणखी एक टाच होती. डावी. पांढरी. जाळाचा डाग नाही.

"आप्पा, तुझ्या भावाची हाय. उचल," कोंडीबा म्हणाला.

आप्पासोने हात घातला, आणि भाजल्यासारखा मागे ओढला.

टाच ओली होती, नुकतीच मांसातून निघाल्यासारखी.